गंधाराला जागा द्या

मंगळवार, रात्री

येणाऱ्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यात, काय असावं असं विचारलं की बहुतेकांच्या याद्या सारख्याच निघतात. आणखी ऑसिलेटर, आणखी वेव्हटेबल, आणखी इफेक्ट, आणि प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, तर हजारांनी. मला यातलं काहीच नको. सीरम नावाचा सिंथ २०१४ मध्ये आला, व्हायटल २०२० मध्ये आला आणि त्याची साधी आवृत्ती फुकट मिळाली, सीरमचा दुसरा अवतार २०२५ मध्ये आला तो जुन्या गिऱ्हाइकांना एक पैसा न घेता दिला. आवाजांचा तोटा कुठे आहे? माझ्या लॅपटॉपवर आहेत ते प्रीसेट नुसते ऐकायचे म्हटले तरी माझं पेन्शनीचं वय येईल.

तोटा आहे तो दोन स्वरांच्या मधल्या जागेचा.

सध्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोय. मध्यरात्रीचा प्रवेश आहे, म्हातारा वाड्यात एकटा बसलाय. दिग्दर्शक म्हणाले, "दरबारी रागाचा रंग हवा, पण सतार-बासरी नको, ते मालिकेसारखं वाटतं." म्हणून सिंथ. खाली षड्ज-पंचमाचा भरदार सूर धरला, वर कोमल गंधार लावला, आणि पिच व्हील, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारं चाक, हळूच हलवलं. झालं! गंधाराबरोबर खालचा षड्जही डोलायला लागला. पंचमही. अख्खा वाडा भूकंपात.

यात सिंथचा दोष नाही, मिडीचा आहे, म्हणजे कीबोर्ड आणि सिंथ ज्या भाषेत बोलतात तिचा. १९८३ मध्ये मिडी ठरलं तेव्हा पिच बेंड हा स्वर सरकवण्याचा संदेश अख्ख्या चॅनलला लागू केला, एकेका स्वराला नाही. पियानोसारख्या पट्ट्यांचा विचार करणाऱ्यांना तेवढं पुरलं. २०१८ मध्ये एमपीई ही मिडीचीच वाढीव पद्धत अधिकृत झाली, त्यात प्रत्येक स्वराला वेगळं चॅनल मिळतं. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक स्वराचा वेगळा बेंड मुळातच आहे. कागदावर सगळं आहे. पण एमपीईसाठी बनवलेले कीबोर्ड घ्यायचे तर त्या पैशात आमच्याकडे बरी सेकंडहँड स्कूटर येते. आणि साधा कीबोर्ड असलेल्या माणसाने काय करायचं, याचा विचार सिंथ बनवणारे करत नाहीत. एडिटरमध्ये माउसने प्रत्येक स्वराची रेघ ओढता येते, ओढलीही आहे. पण ते गाणं लिहून काढण्यासारखं झालं, गाणं नव्हे.

शेवटी गंधार वेगळ्या ट्रॅकवर टाकला. चाललं.

गुरुवार

आत्या आली होती जिन्सीवरून. तिला हेडफोन दिले. ती ऐकत राहिली, डोळे मिटून, आणि मग एकदम हसली.

"अरे, हा थरथरतोय. थंडी वाजतेय का याला?"

मी म्हटलं, "अगं, हेच तर आंदोलन."

"हे आंदोलन नाही, हा कंप झाला. गंधार मध्यमाला जरा शिवून खाली येतो, आणि खाली आला की तिथे रेंगाळतो. वर नाही रेंगाळत." मग गाऊन दाखवलं. एकदा, फक्त गंधार. उजव्या हाताची तर्जनी हवेत खाली-खाली जात होती आणि परत येताना तिचा वेग वेगळा होता. जाताना सावकाश, येताना त्याहून सावकाश, पुढच्या वेळी आणखी वेगळा.

नेमकं हेच सिंथला सांगता येत नाही. व्हायब्रॅटोसाठी त्यात एलएफओ असतो, म्हणजे एक लाट. ती स्वराच्या दोन्ही बाजूंना सारखीच जाते, ठरल्या वेगाने, आणि सगळ्या स्वरांना सरसकट लागते. काही सिंथमध्ये लाटेचा आकार हाताने काढता येतो, तिला एका बाजूलाही झुकवता येतं. तरी ती गंधारालाही तेवढीच आणि पंचमालाही तेवढीच. दरबारीत पंचम हलवला तर आत्या हेडफोन फेकून देईल.

माझी मागणी एवढीच: आधी मला सा सांगू द्या. काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. मग बारा स्वरांपैकी प्रत्येकाला स्वतःचं वागणं असू द्या. याला आंदोलन, याला स्थिर, याच्यावर यायचं तर वरच्या स्वराचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन. आणि कण किती, आंदोलन किती, ते पट्टी दाबण्याच्या जोरावर किंवा डाव्या हाताच्या चाकावर सोडा. साध्या कीबोर्डवरही हे जमेल. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, फक्त सिंथला हे कळायला हवं की पट्टी म्हणजे स्वर नव्हे, स्वराच्या घराचा पत्ता.

बरेच जण मागतात ते वेगळंच: "२२ श्रुतींचं (सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांचं) ट्यूनिंग द्या." ते तर आहे! स्काला नावाच्या साध्या मजकूर फाइलीत हवी ती स्वरांतरं लिहायची, सर्ज एक्सटी किंवा डेक्स्ड हे सिंथ त्या उघडतात, दोन्ही फुकट आहेत. भूप रागासाठी मी वापरतो. कीबोर्डचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, आणि तानपुऱ्याशेजारी तो खुपतोच. तेवढ्याला स्काला उत्तम. पण दरबारीचा गंधार कुठल्याही कोष्टकात बसवला की मेला. तो एका जागी राहतच नाही. बावीसची बावन्न घरं केलीत तरी तो दोन घरांच्या मधल्या बोळातच सापडणार. म्हणून श्रुतींच्या मागणीवर सही करायला मी तयार नाही, आमच्या लोकांनी ती मागणी लावून धरली की बनवणारे एक कोष्टक देऊन मोकळे होतात.

रविवार

दुपारभर तानपुरा. आत्याने जुना तानपुरा माझ्याकडे ठेवलाय, तिच्या घरी ओल फार. ती आली की पहिलं काम जवारीचं, म्हणजे तारेचा झंकार उघडण्याचं. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो नखाने केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत केसभर. बराच वेळ नुसती टणटण. आणि मग एका जागी तार अचानक उघडते, आत दडलेले वरचे सूर एकामागून एक खाली ओघळायला लागतात. अर्धा केस पुढे गेलं की पुन्हा बंद.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर जे लिहिलं ते याच घोडीबद्दल. पुस्तकी नियम असा की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा (आत दडलेल्या वरच्या सुराचा) शून्यबिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, तो स्वरांश ऐकू येऊ नये. तानपुऱ्यात आणि वीणेत तो ऐकू येतो, चांगला ठणठणीत. कारण घोडी सपाट पसरट, हलकी गोलाई असलेली, आणि तार थरथरताना तिच्यावर टेकत-सुटत राहते. म्हणजे तारेची लांबीच क्षणोक्षणी बदलते.

आता सिंथमधला "इंडियन ड्रोन", म्हणजे तानपुऱ्याचा अखंड सूर, उघडा. एक नमुना रेकॉर्ड केलेला, त्याला लूप. तो "एथनिक" नावाच्या कप्प्यात असतो, शेजारी जपानी कोटो आणि ऑस्ट्रेलियाचा डिजरीडू, एका धर्मशाळेत. (हा कप्पा कुणी आणि कधी बंद करणार, हीसुद्धा एक मागणी समजा.) त्या लुपात दोरा कुठे आहे? तो ज्या दिवशी ज्याने लावला तिथेच, कायमचा.

भौतिक प्रतिमानावर चालणारी वाद्यं नवी नाहीत. पियानोटेक २००६ पासून हातोडी, तार आणि फळीचं गणित करून पियानो वाजवतो, आणि नमुन्यांचे पियानो जिथे कित्येक जीबी घेतात तिथे हा काही एमबीत बसतो. तारेचं घोडीवर टेकणं-सुटणं गणितात बसवणं अवघड आहे हे मान्य, पण तानपुऱ्याच्या अशा प्रतिमानावर संशोधकांनी काम केलेलं आहे. मला हवाय तो एक खटका: दोरा. तो फिरवला की जवारी उघडावी, मिटावी. तेवढ्या एका खटक्यासाठी मी पूर्ण किंमत मोजेन, बाकी पडदा रिकामा असला तरी चालेल.

किरकोळ मागण्या लिहून ठेवतो. अक्षरं मोठी करता यावीत, चाळिशीनंतरच्या लोकांनाही संगीत सुचतं. प्रोसेसर कमी खावा: मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की माइकमध्ये तोच पहिला येतो. आणि परवाना तपासायला दर थोड्या दिवसांनी इंटरनेट मागू नये. एका कंपनीचं वाद्य ऐन मुदतीच्या रात्री मुकं झालं, कारण वीज गेलेली, राउटर बंद, आणि त्याला कंपनीच्या घरी विचारल्याशिवाय सूर काढायचा नव्हता. युनेस्कोने २०२३ मध्ये आमच्या ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलंय, विजेबद्दल त्यात काही लिहिलेलं नसावं.

सोमवार

धाकट्या बहिणीच्या मुलाशी बोललो. तो पुण्यात सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच काम करतो. सर्जचा कोड २०१८ पासून खुला आहे, म्हणजे मागणी पाठवून वाट बघायची गरज नाही, घरचा माणूस हात घालू शकतो. त्याने कोड उतरवून घेतलाय. म्हणाला, "मामा, स्वराप्रमाणे वागणं बदलायचं तर फार खोदावं लागणार नाही बहुतेक, पण आंदोलन म्हणजे नक्की काय ते मला आकड्यांत सांग." मी म्हटलं, आकड्यांत मला येत नाही, गणपतीला येशील तेव्हा आत्यासमोर बस, ती गाईल, तू रेकॉर्ड करून आलेख काढ. तर म्हणतो, आजीसमोर बसलो तर आधी मलाच सा लावायला लावेल.

लावेलच. मायक्रोफोनची केबल तेवढी नवी आणायची आहे, जुनी करकरते.