तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार घरांचे भाव का उतरवत नाही?

गृहकर्जाच्या फाइली करून देणं हे माझं काम. नवी मुंबईतला खारघर, कामोठे, तळोजा हा माझा पट्टा. सह्या चालू असताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मॅडम, सरकारनं मनावर घेतलं तर घरं स्वस्त होणार नाहीत का?"

होतील की! पण सरकार मनावर घेतं ते नेहमी घेणाऱ्याच्या खिशापुरतं. व्याजात सूट द्या, करात सूट द्या, झालं. २०१५ ची पंतप्रधान आवास योजना आठवा. व्याजावर २.६७ लाखांपर्यंत सबसिडी होती. गरजूंना ती मिळाली, नाही म्हणत नाही. पण माझ्यासमोर बसलेला माणूस लगेच बजेट तेवढंच वर सरकवायचा, आणि बिल्डरचा सेल्सवाला ते आधीच धरून बसलेला असायचा. २०२० मध्ये स्टॅम्प ड्यूटी ५ वरून २ टक्क्यांवर आली. रजिस्ट्रेशनला झुंबड उडाली, भाव जागचे हलले नाहीत.

जीएसटीचं बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर २०१९ पासून ५ टक्के, पण ४५ लाखांच्या आतल्या छोट्या घराला १ टक्काच. म्हणून तळोज्याच्या कॉस्टशीटवर वन बीएचके ४४ लाख ९० हजारांना दिसतो. हा भाव सिमेंट-सळईनं ठरवला असं कोणाला वाटत असेल तर कमाल आहे. खारघरला तर ४५ लाखांत नवं घर शोधून दाखवा.

खरी मेख जमिनीत आहे, आणि नवी मुंबईत तर ती लपूनही राहिलेली नाही. सिडको, म्हणजे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली निघाली. ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवायचं ठरलं. (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत मिळवायला गावकऱ्यांना किती झगडावं लागलं, ते वेगळंच प्रकरण.) आजही सिडकोचा प्लॉट ६० वर्षांच्या लीजवर मिळतो, म्हणजे मूळ मालक सरकारच. आणि हा मालक प्लॉट देतो टेंडर काढून, ज्याची बोली मोठी त्याला. बोलीचा पैसा बिल्डर पदरचा घालत नाही, तो चौरस फुटात वसूल होतो. मोठ्या बोलीची बातमी छापून आली की दुपारपर्यंत रिसेलवाल्याचा फोन येतो, "त्या पार्टीला सांगा, आता पाच लाख जास्त." त्याच्या घराला तेव्हा साधा रंगही लागलेला नसतो.

सिडकोचीही बाजू आहे. आपल्याकडे लोकल आली तेव्हा रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोनं उचलला. तो पैसा जमिनीतूनच उभा राहायचा. मान्य. पण लॉटरीची घरंही त्याच हिशेबानं विकायची? २०२५ च्या सोडतीत तळोज्याचं घर २५ लाखांच्या आसपास होतं, ते ठीक. खारघर स्टेशनजवळचं मात्र ९७ लाखांना, आणि तेही अल्प उत्पन्न गटासाठी! ८० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी धरलं तर हप्ता जातो सत्तर हजारांच्या घरात. एवढा हप्ता फेडणाऱ्याला अल्प उत्पन्नवाला म्हणायचं तर मग आपण कोण?

पूर्वी सिडको सहकारी सोसायट्यांना थेट प्लॉट द्यायची. कोपरखैरण्याला तिनं छोटी छोटी घरंही बांधली. लोकांनी त्यांवर हळूहळू मजले चढवले. आजही दर वर्षी थोडे प्लॉट बोलीबाहेर ठेवून ठरलेल्या दरानं सोसायट्यांना दिले, तर माझ्या मते सगळ्या सबसिड्यांपेक्षा जास्त फरक पडेल. तिजोरीला झळ बसेल हे उघड आहे, म्हणूनच कोणी त्या वाटेला जात नाही.

"मग थांबू का?" हा पुढचा प्रश्न असतोच. घर स्वतःला राहायला हवं असेल आणि हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांत बसत असेल, तर सरकारसाठी थांबू नका. फक्त ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला, आलेलं घर बघा. त्यावर जीएसटी लागत नाही आणि ताब्याची वाट बघत भाडं भरावं लागत नाही.