तुम्ही विचारलंत म्हणून : सुट्या पेशी का तगत नाहीत?

"पोषक द्रव (मीडियम) तोच, इन्क्युबेटर तोच, मग पेशी सुट्या करून वाढवा ना. अख्खा तुकडा कशाला सांभाळत बसता?" मी वृषणाच्या ऊतीवर काम करते म्हटलं की प्रयोगशाळेत येणारी नवी मुलं हे हमखास विचारतात. नवऱ्याच्या मामांनी तर एकदा भर पंगतीत विचारलं. आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम वरणभात फार महत्त्वाचा वाटायला लागला.

उत्तर मला फसलेल्या प्रयोगातून कळलं. उंदराच्या वृषणावरचं पांढरं कवच सोललं की आत शेवयांसारखा नलिकांचा गुंता असतो. चिमट्याने टोक ओढलं तर सलग दोरा हाती येतो. पहिल्या एन्झाइमने नलिका मोकळ्या होतात, दुसऱ्याने त्यांच्यातल्या पेशी. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चकचकीत पेशी पाहून मी खूश होते. ट्रिपॅन ब्लू घातलं, तो रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो, आणि जवळजवळ काहीच निळं दिसेना. चौथ्या दिवशी मात्र डिशमध्ये निळ्याचंच राज्य. जंतुसंसर्ग नव्हता, ग्लुकोज भरपूर होतं.

ग्लुकोज होतं, पण शुक्राणू होण्याच्या वाटेवर पुढे गेलेल्या पेशींचं त्यावर भागत नाही. त्यांना लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज मोडून होणारं इंधन, लागतं, आणि ते करून देते शेजारची सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली या विशीतल्या इटालियन तरुणाने 1865 मध्ये तिचं वर्णन केलं. नलिकेच्या बाहेरच्या पटलावर पाय रोवून ती आतल्या पोकळीपर्यंत उभी असते आणि वाढत्या पेशी तिच्या अंगाच्या खाचांत बसलेल्या असतात. नलिकेच्या आत रक्तवाहिनी जातच नाही. शिवाय शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या पलीकडच्या पेशींपर्यंत जे काही पोचतं ते त्यांच्या हातूनच. हा बांध हवाच, कारण वयात आल्यावर शुक्राणूंवर येणारी प्रथिनं शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला परकी वाटतात.

मामा म्हणाले, "म्हणजे शेजारधर्म." मला ही उपमा पटत नाही. शेजारी गावाला गेला म्हणून आपण उपाशी मरत नाही. इथे कडेवरचं मूल म्हणा हवं तर.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. या पेशी विभागताना एकमेकींपासून पुरत्या तुटत नाहीत, बारीक पुलांनी जोडलेल्या राहतात आणि त्यांतून एकमेकींना सामान पुरवतात. मी 'सुट्या' केल्या म्हणजे ते पूलही तोडले. तिकडे सर्टोली पेशी प्लॅस्टिकवर उभी राहायचं सोडून थापलेल्या भाकरीसारखी पसरते. खाचाच उरत नाहीत, मग मूल बसणार कुठे?

एक अपवाद आहे. सगळ्या शुक्राणूंचं मूळ असलेल्या मूलपेशी सुट्या करूनही वाढवता येतात. उंदराच्या बाबतीत जपानी संशोधकांनी 2003 मध्ये ते दाखवलं. पण त्या डिशमध्ये नुसत्या संख्येने वाढतात, शुक्राणू होत नाहीत, आणि बहुतेकदा त्यांच्याखालीही दुसऱ्या पेशींचा थर अंथरावा लागतो.

तुकड्याचं तसं नाही. 2011 मध्ये योकोहामात पिल्लू-उंदरांच्या वृषणाचे बारीक तुकडे अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या वडीवर, द्रव आणि हवा यांच्या सीमेवर, ठेवले. शुक्राणू तयार झाले आणि त्यांच्यापासून धडधाकट पिल्लंही जन्मली. वयात न आलेल्या मुलांवर कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी काही ठिकाणी वृषणाचा तुकडा गोठवून ठेवतात, तोही तुकडाच ठेवतात. 2019 मध्ये पिट्सबर्गच्या गटाने माकडाचा असा गोठवलेला तुकडा त्याच माकडाच्या कातडीखाली परत रोवला आणि त्यातल्या शुक्राणूंपासून एक मादी पिल्लू जन्मलं. माणसांत हे अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे, हे आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवं.

मात्र तुकडा मोठा कापला तर मधला भाग मरतो. रक्तवाहिन्या आपणच तोडलेल्या असतात, आणि कडेने झिरपणारा प्राणवायू आतवर पोचत नाही. म्हणून नव्या मुलांना मी पहिला आठवडा फक्त कात्री देते : मिलिमीटर, दीड मिलिमीटर, त्याहून मोठा दिसला की परत काप.