तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पहिलाच अल्बम का

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. ऑफिसातली पोरं विचारतात, भाचा विचारतो, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एकाने माझं नावच 'पदार्पणकाका' ठेवलंय. प्रश्न असा की कुठल्याही प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक किंवा मेटल, बँडचा विषय निघाला की मी त्यांचा पहिलाच अल्बम का गळ्यात मारतो. हेकन या बँडचं नाव काढलं की सगळे 'द माउंटन' म्हणतात, मी त्यांचा पहिला, 'अ‍ॅक्वेरियस' म्हणतो. आणि मग त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात: तुमचाही बँड होता ना, त्या अल्बमचं काय झालं?

आजवर मी पहिल्याचं लांबलचक उत्तर देऊन दुसरा गिळत आलोय. आता दोन्ही एकदाच.

आधी ड्रीम थिएटर या बँडच्या चाहत्यांनी हात खाली करा. माहितीये. त्यांचा पहिला अल्बम 1989 चा, गायक वेगळा, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि खरं प्रकरण 1992 ला 'इमेजेस अँड वर्ड्स'पासून सुरू झालं. रश बँडच्या पहिल्या अल्बमवर तर त्यांचा गाजलेला ड्रमर नील पर्टच नाही. जेनेसिसचा पहिला मी स्वतः दोनदा पूर्ण ऐकायचा प्रयत्न केला, दोन्हीदा झोप लागली. म्हणजे 'पहिला तोच सर्वोत्तम' असा नियम नाही, मी तसं कधी म्हटलं असेन तर चिडून म्हटलं असेन (म्हटलंय, माझ्याकडे कुणीतरी स्क्रीनशॉटही पाठवलाय).

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या अल्बममध्ये माणसांना अजून काय करायचं नसतं ते कळलेलं नसतं. 'अ‍ॅक्वेरियस' घ्या, 2010 चा. सात गाणी, सत्तर मिनिटांच्या वर, जलपरीची गोष्ट, मध्येच सर्कशीचा बाजा, मध्येच ग्रोल, म्हणजे गुरगुरत गाणं, शेवटचं गाणं सतरा मिनिटांचं. लग्नाच्या बुफेला पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या ताटासारखा आहे तो, गुलाबजामवर रस्सा सांडलाय आणि त्याला फिकीर नाही. पुढच्या लग्नात तो माणूस शहाणा होतो, वाट्या वेगवेगळ्या घेतो. 'द माउंटन' जास्त चांगला अल्बम आहे हो, मान्य. पण मला ते पहिलं ताट आवडतं.

आणि किंग क्रिमसन तर आहेच. जानेवारी 1969 मध्ये पहिली रिहर्सल, जुलैत हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवलं, मूडी ब्लूज या बँडचा निर्माता आणला होता त्याच्याशी जमेना तर त्याला बाजूला करून स्वतःच रेकॉर्ड केलं, ऑक्टोबरमध्ये अल्बम बाहेर. डिसेंबरपर्यंत अमेरिकेच्या दौऱ्यातच बँड फुटला. बँडमधले मॅकडोनाल्ड आणि जाइल्स म्हणाले आम्ही चाललो. एका वर्षात जन्म, बारसं आणि वाटणी. पण अल्बम राहिला ना. हे वाक्य मी लोकांना खूप वेळा ऐकवलंय, आणि दर वेळी ऐकवताना पोटात काहीतरी टोचतं, कारण आमची वाटणी झाली आणि अल्बम राहिला नाही.

तर ते.

2010 चा पावसाळा. कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळघरात आमचं जॅमपॅड, म्हणजे सरावाची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी, वर घरमालकीण आजी, त्या रात्री नऊला काठीने जमीन ठोकायच्या आणि ते ठोकणंही कधीकधी आमच्यापेक्षा सुरेख तालात असायचं. सहा गाणी तयार होती. गिटार माझी. ड्रमर लहानपणी तबला शिकलेला, त्यामुळे सात मात्रांचं काही आलं की बाकीचे बोटं मोजायचे आणि हा ती ती ना धी ना धी ना म्हणत रूपक तालात निवांत. दोन गाण्यांचे ड्रम्स रेकॉर्ड झाले, आणि ऑगस्टअखेर तो एमएस करायला श्टुटगार्टला गेला. जाणार हे वर्षभर माहिती होतं. आम्ही तरी आरामात होतो, पुण्यातले होतो.

मग कीबोर्डवाल्याने, कुणाला न सांगता, ऑफिस सांभाळून, तीन आठवडे रात्री जागून तिसऱ्या गाण्याचे ड्रम्स प्रोग्राम केले. एकेक ठोका माऊसने. घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके ठोके, तेसुद्धा वेगवेगळ्या जोराने, म्हणजे मशीनगनसारखं वाजू नये म्हणून. एका शनिवारी तो लॅपटॉप घेऊन आला, सोबत गुडलकचे बनमस्के आणले होते, म्हणजे त्याला वाटत होतं की आज साजरं करायचंय. त्याने गाणं लावलं. बेसवाला मान हलवायला लागला. आणि मी अर्ध्यात थांबवलं.

काय काय बोललो ते सगळं आठवतं, तेच तर वाईट आहे. म्हणालो हे प्रेताला टाय बांधल्यासारखं वाटतंय. म्हणालो आपण बँड आहोत की सायबर कॅफे. तो म्हणाला अरे, तात्पुरतं तरी, डेमो म्हणून तरी. तर मी हार्ड डिस्कभर गाणी असल्याचा माझा माज काढला, अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स या बँडचा पहिला अल्बम लावला, एक वर्षापूर्वीच आलेला, गिटारिस्ट टोसिन अबासीचा, तेव्हा आमच्यासाठी तो पोथीच होता. आवाज फुल केला आणि म्हणालो, "हे ऐक. हे माणसं वाजवतात. हे माऊसने होत नाही."

पूर्ण गाणं ऐकवलं मी त्याला. तो काही बोलला नाही. वर आजींनी काठी ठोकली. त्याने लॅपटॉप बंद केला, चार्जर गुंडाळला, अगदी नीट गुंडाळला, वेल्क्रोची पट्टी वगैरे लावून, आणि "चल, पाऊस वाढेल" म्हणून गेला. बनमस्के तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी मुंग्या.

नंतर भांडण असं झालंच नाही. नवा ड्रमर शोधू असं ठरलं, तीन जणांना बोलावलं, मला एकही पटला नाही, पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत जॅमपॅडचं भाडं कुणी द्यायचं यावर मेसेजही बंद झाले.

आता पुढचं तुमच्यातल्या काहींना आधीच माहिती असेल आणि तुम्ही हसत असाल. हसा. मी ऐकवलेल्या त्या अबासीच्या अल्बमवरचे ड्रम्स प्रोग्राम केलेले आहेत. सगळे. गिटार आणि बेस अबासीने वाजवलं आणि ड्रम्स मिशा मन्सूरने कंप्युटरवर रचले, तोच पेरिफरी बँडवाला. मला हे कळलं तीन वर्षांनी, एका मुलाखतीत, लोकलमध्ये उभ्याउभ्या, कांजूर ते घाटकोपर. एमपीथ्रीला कुठे असतात क्रेडिट्स, फोल्डरमध्ये बारा फाइल्स आणि एक धूसर कव्हर. पण हा बचाव मला स्वतःलाच पटत नाही, कारण मी कानावर एवढा माज करत होतो ना, मग कानाला कळायला हवं होतं. मशुगा या मेटल बँडचा 'कॅच थर्टीथ्री'सुद्धा प्रोग्राम केलेल्या ड्रम्सचा निघाला. तोही मी 'हे माणसं वाजवतात' म्हणून चार जणांना ऐकवलेला.

त्याआधी 2012 मध्ये स्कायहार्बर या बँडचा पहिला अल्बम 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज' आला होता. गिटारिस्ट केशव धर दिल्लीत, गायक डॅन टॉम्पकिन्स इंग्लंडात, ड्रमर अनुप शास्त्री अमेरिकेत, दुसऱ्या भागाला आवाज आपल्या मुंबईच्या भयानक मौत बँडच्या सुनीत रेवणकरचा, आणि पाहुणा गिटारिस्ट म्हणून मार्टी फ्रीडमन. तीन खंडांत माणसं, आणि डबल अल्बम. आमचा एकच माणूस, ड्रमर, परदेशात होता. तो डिसेंबरात पुण्याला आला तेव्हा मी जरा फुशारकीनेच सांगितलं की बघ, तुझ्याशिवाय आम्ही नाही केलं. तो मिसळ खाता खाता थांबला. म्हणाला, "मला विचारायचंस ना. मीच प्रोग्राम करून पाठवले असते."

म्हणून मी पहिले अल्बम ऐकवत सुटतो का? भाचा म्हणतो हो मामा, साधी केस आहे. मला एवढं सोपं वाटत नाही. मी बँडच्या आधीपासून हेच करत होतो, अकरावीत असतानाही. आणि तेव्हाचा मी आजच्या मला म्हणेल की तू आता हरलेला आहेस म्हणून तुला प्रोग्रामिंग चालतं. त्याला काय उत्तर द्यायचं? ड्रमर समोर घाम गाळत वाजवतो तेव्हा गाणं थोडं पुढे पळतं, थोडं मागे रेंगाळतं, ते मला अजूनही हवं असतं. त्यात मी चुकलो होतो असं मला वाटत नाही. पुरावा चुकीचा आणला होता, एवढंच. आणि बनमस्के तसेच टाकायला नको होते.

कीबोर्डवाला बाणेरलाच राहतो. ते गाणं त्याच्याकडे असणार, तो काही डिलीट करणाऱ्यातला नाही. भाच्याला ते ऐकायचंय, मागेच लागलाय. पण फोन करायचा तर आधी अबासीचं सांगावं लागणार, आणि त्याला ते माहिती नसेल असं होऊच शकत नाही, म्हणजे इतकी वर्षं माहिती असून तो मला एका शब्दाने बोलला नाहीये. नंबर काढतो, ठेवून देतो.

तरी पण, त्याने रचलेल्या ड्रम्समधला स्नेअरचा आवाज खरंच वाईट होता.