तुम्ही विचारलेत म्हणून : देव, वैमानिक आणि बाकीचे

ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे विमानाविषयीची कोणतीही शंका फिरत फिरत शेवटी माझ्याकडेच येते. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपासून नातवाच्या मित्रांपर्यंत सर्वांनी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न असा : न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरले आणि एकही माणूस दगावला नाही, ही देवाची कृपा की वैमानिकाचे कौशल्य?

हा वाद मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्याच घरात. ती घटना १५ जानेवारी २००९ची. तेथे दुपारचे साडेतीन वाजले होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन झाले होते, म्हणून आम्हाला ती शुक्रवारी सकाळी टीव्हीवर दिसली. संक्रांत नुकतीच झाली होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकूंनी, पाण्यावर तरंगणाऱ्या विमानाच्या पंखावर रांगेने उभी असलेली माणसे पाहिली आणि हातातला तिळगूळ तसाच धरून म्हणाल्या, "देव तारी त्याला कोण मारी." त्यांचा अभियांत्रिकीला असलेला मुलगा चिडला, कारण त्याच्या मते देवाचा येथे काही संबंध नव्हता आणि त्या वैमानिकाचा पुतळाच उभारायला हवा होता. अमेरिकेतही याहून वेगळे काही चालले नव्हते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी त्याच दिवशी घटनेला 'हडसनवरचा चमत्कार' म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले; दुसरीकडे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर एका रात्रीत साऱ्या देशाचे लाडके झाले.

माझे उत्तर या दोघांनाही आवडत नाही. विमान एअरबस ए-३२० होते आणि त्यात १५५ माणसे होती. उड्डाणानंतर दोनच मिनिटांत, सुमारे २,८०० फुटांवर, कॅनडा हंसांचा थवा दोन्ही इंजिनांत शिरला. आमच्या भाषेत याला 'बर्ड हिट' म्हणतात. पक्षी आत गेला तर इंजिनाचे काय होते याची चाचणी आधी घेतलेली असते, पण या जातीच्या इंजिनाच्या चाचणीत धरलेला मोठ्यात मोठा पक्षी चार पौंडांचा होता आणि हे हंस त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे होते. धडकेपासून पाण्याला टेकेपर्यंत २०८ सेकंद मिळाले. दोन्ही इंजिने बंद पडल्यास काय करायचे याची यादी विमानात होती, परंतु ती उंचावरून जाणाऱ्या विमानासाठी तयार केलेली असल्यामुळे तीन पानांची होती. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स तिच्या पहिल्या पानापुढे जाऊ शकले नाहीत. कॅप्टननी मात्र यादीतला क्रम न पाळता विमानाच्या शेपटीतले छोटे सहायक इंजिन आधीच सुरू केले, त्यामुळे वीज टिकली आणि विमान हाताच्या आज्ञेत राहिले. कौशल्य म्हणायचे तर मी याला म्हणेन, आणि पुतळ्यावर नेमके हेच दाखवता येत नाही.

पण उतरल्यावर काय? शेपटीकडचा भाग फाटून पाणी आत येऊ लागले, माणसांना बाहेर पडण्यासाठी असलेल्या मागच्या दोन घसरपट्ट्या वापरता आल्या नाहीत, नदीचे पाणी सुमारे ५ अंश सेल्सियस होते. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाच्या २०१० सालच्या अहवालाने माणसे वाचण्याचे श्रेय वैमानिकांच्या निर्णयाबरोबरच विमानातल्या तीन सेविकांच्या कामाला आणि जवळ असलेल्या मदतीला दिले. शिवाय हे विमान योगायोगाने समुद्रावरच्या प्रवासाच्या साहित्यानिशी सज्ज होते, म्हणजे तराफ्यासारख्या तरंगणाऱ्या घसरपट्ट्या त्यात होत्या, याचीही नोंद केली. त्या मार्गासाठी तसे साहित्य असणे बंधनकारक नव्हते. काकूंना हवे असेल तर त्यांनी आपला देव या योगायोगात पाहावा, माझी हरकत नाही.

प्रतिक्रियांचा आणखी एक प्रकार होता आणि तो मला सर्वांत जास्त खटकला. चौकशीच्या वेळी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच विमान चालवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रात, काही वैमानिकांना धावपट्टीवर परतता आले, असे कळताच 'मग नदीत कशाला नेले?' असे विचारणारे आमच्या कट्ट्यावरही निघाले. परतता आले ते धडक बसताक्षणी विमान वळवले तेव्हाच. आणि तेही प्रत्येक वेळी नाही. काय झाले हे समजून घ्यायला ३५ सेकंद दिल्यावर ते विमान धावपट्टीपर्यंत पोचलेच नाही. (कट्ट्यावर निर्णयाला वेळ लागत नाही, हे मात्र खरे.) राग हंसांवरही निघाला : त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळांच्या परिसरातले हजाराहून अधिक हंस पकडून मारण्यात आले, तरी पिसांच्या तपासणीतून इंजिनात सापडलेले हंस स्थानिक नव्हे तर दुरून आलेले स्थलांतरित असल्याचे दिसून आले होते. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी पाहत वाढलेल्या नाशिककराला हे वाचून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

सलनबर्गर यांनी स्वतः मात्र त्या कौतुकाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. फेब्रुवारी २००९मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना त्यांनी सांगितले की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतन बुडाले आहे आणि अशाने अनुभवी माणसे या व्यवसायात राहणार नाहीत. कारखान्यातल्या आम्हा लोकांना त्यांच्या उतरण्याइतकेच हे बोलणे मोलाचे वाटले. कट्ट्यावर कोणाला ते आठवत नाही.

आणि सुमारे चार मिनिटांत पहिली फेरीबोट ज्यांनी आणली, ती माणसे? रोजच्या प्रवाशांची ने-आण करणारे ते नावाडी. विमान दिसताच त्यांनी बोट वळवली. आपल्याकडे पुराच्या दिवसांत रामकुंडावर वाहून जाणाऱ्या माणसाला पट्टीचे पोहणारे काठावर ओढून आणतात, तेव्हा घरचे लोक गंगामाईची ओटी भरतात आणि ओढून आणणारा ओल्या कपड्यांनी चहाच्या टपरीवर उभा असतो. पुढच्या वेळी प्रश्न विचारायला याल, तेव्हा आधी त्याला त्याचे नाव विचारून या.