कोपऱ्यात उसवतं

मुंबईहून कोलकात्याला निघालो तेव्हा खिडकीची जागा आईला दिली. तिचा पहिलाच विमानप्रवास. पट्टा आवळून झाला, पर्स मांडीवर घट्ट धरून झाली आणि मग तिनं खिडकीची तपासणी सुरू केली. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई. समोर काहीही आलं तरी आधी त्याची शिवण बघते. दोन मिनिटांत मला ढोसून म्हणाली, "अगं, काचेला भोक पडलंय. सांगू का त्या मुलीला?"

भोक होतं खरं. खालच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढं. मी समजावलं, काचा एकामागे एक असतात, हवेचा भार बाहेरच्या काचेनं पेलायचा म्हणून मधलीला मुद्दाम भोक ठेवतात. शिवाय बाष्प धरत नाही. आईनं ऐकून घेतलं, पण तिची नजर काही त्या भोकावरून हटेना. मग चौकटीवरून बोट फिरवत म्हणाली, "कोपरे गोल केलेत ते मात्र बरं केलं. काटकोनात कापलं की तिथंच उसवतं."

आता हिला कॉमेट विमानाची गोष्ट सांगावी की विमान खाली उतरेपर्यंत थांबावं, या विचारात मी पडले.

त्याआधीच्या काळात विमानाचे धोके साधेसुधे होते. समोरचं दिसत नाही, हा त्यातला मोठा. ७ एप्रिल १९२२ ला लंडन–पॅरिस मार्गावर दोन कंपन्यांची विमानं फ्रान्समध्ये समोरासमोर आदळली. एवढं मोठं आभाळ, तरी आदळली. कारण दोघंही वैमानिक खालचा एकच रस्ता बघत चालले होते, एक जाणारा आणि एक येणारा, आणि मध्ये धुकं. सात माणसं गेली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. जुहूचा तो तळ म्हणजे चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग विमानसेवेचं बिऱ्हाड चार महिने पुण्याला. धोका कुठं आहे हे निदान पायाला लागत तरी होतं!

कॉमेटचं तसं नव्हतं. २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली ती या ब्रिटिश विमानानं. ते इतकं उंच उडायचं की आत हवा दाबून भरल्याशिवाय माणसाला श्वास घेता येऊ नये. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग थोडं फुगायचं आणि उतरल्यावर पुन्हा बसायचं. आपण तार तोडायला पक्कड नसली की ती हातानं वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो, तसंच काहीसं. फक्त इथं कोणाला काही तोडायचं नव्हतं.

बरोबर एक वर्षानं, २ मे १९५३ ला, कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेलं कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून मोडून पडलं. ४३ जण गेले. वैशाखातलं बंगालचं वादळ. चौकशीत दोष त्याच्याच पदरी गेला. १० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं दुसरं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, तेव्हा ३५ गेले. विमानं थांबवली, सुचतील त्या दुरुस्त्या केल्या, मार्चमध्ये पुन्हा सोडली आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ आणखी एक गेलं. या वेळी २१.

मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला तपास करणाऱ्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. एक अख्खं कॉमेट भल्यामोठ्या हौदात घातलं, पंख बाहेर काढून. आत पाणी भरायचं, दाब वाढवायचा, सोडायचा, पुन्हा वाढवायचा. हवा न वापरता पाणी वापरलं, कारण दाबलेल्या हवेनं फाटलं असतं तर बॉम्बसारखं उडालं असतं आणि पुरावाच राहिला नसता. खरी आणि हौदातली मिळून तीन हजारांवर उड्डाणं झाली आणि त्याचं अंग फाटलं. सुरुवात कुठून, तर एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या विमानाचे तुकडे जुळवले, तर तिथंही चीर छतावरच्या एरियलच्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकापासून निघालेली.

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं असं सरसकट सांगतात, ते जरा सोपं करून सांगणं झालं. ते कोपरेही थोडे वळवलेले होतेच आणि कोपऱ्यावर ताण जास्त येतो हेही बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. किती जास्त, तिथं अंदाज चुकला. पत्रा पातळ, वर रिव्हेटची भोकं.

हे सगळं मी आईला हॉटेलवर पोचल्यावर सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "हौदातलं विमान फाटलं तेव्हा आत कोणी नव्हतं ना?" नव्हतं म्हटल्यावर निवांत झाली. थोड्या वेळानं पिशवी आवरता आवरता म्हणाली, "आणि ते इथलं, कलकत्त्याचं?"

"ते वादळानं पडलं असं ठरलं."

"हं," आई म्हणाली. गिऱ्हाईक उसवलेला ब्लाउज पुढे करून "धुण्यात गेला हो" म्हणतं, तेव्हा ती काखेतला जोड उलटा करून बघत म्हणते, तसं.