ब्लॉक

रविवारी कुणाकडे जेवायला जायचं ठरलं की मुंबईकर आधी ब्लॉक बघतो, मग मुहूर्त. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक. नावं वेगळी, लटकणं तेच. रूळ, सिग्नल, वरच्या तारा यांची देखभाल करायची तर गाड्या थांबवाव्याच लागणार, हे डोक्याला पटतं. पण माटुंगा-मुलुंड धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या, की त्या मार्गावर फलाटच नसलेल्या विद्याविहारच्या माणसाने काय करावं? २०२४च्या मेअखेरीस तर ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक होता.

इंग्रजीत हा शब्द मुळात लाकडाच्या ओंडक्याचा. ओंडका आडवा पडला तर वाट अडते, चौकोनी तासला तर बांधकामाला येतो. विलायतेत फ्लॅटांची अख्खी इमारत म्हणजे ब्लॉक. अमेरिकेत पत्ता सांगताना ‘दोन ब्लॉक पुढे’. मुंबईने मात्र इमारतीतल्या एकेका घरालाच ब्लॉक करून टाकलं. त्यातली ऐट चाळीत राहिलेल्यालाच कळेल. ‘सेल्फ कंटेन्ड ब्लॉक’ म्हटलं की संडास घरात आलेला असायचा! सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहणं संपलं. स्थळ सांगताना ‘स्वतःचा ब्लॉक आहे’ हे मुलाच्या पगाराच्याही आधी यायचं. शिकलासवरलेला आहे, वगैरे नंतर.

असा ब्लॉक परवडायचा तो डोंबिवलीला नाहीतर त्याच्याही पुढे. मग तो दाखवायला रविवारी दादरच्या पाहुण्यांना बोलवावं, तर रेल्वेचा ब्लॉक आडवा.

फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकबद्दल न बोललेलं बरं. पावसाळ्यात त्यावर पाय पडला की खालचं पाणी थेट पँटवर.

माझ्या डोंबिवलीच्या आत्याच्या तोंडी ‘फ्लॅट’ अजून बसलेला नाही. भाच्याचा टॉवरमधला टू बीएचकेसुद्धा तिच्या लेखी ‘दोन बेडरूमचा ब्लॉक’च. नातीने तिला मोबाइलमधला ब्लॉकही शिकवलाय, आणि कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्यांना ती आता फटाफट उडवते. परवा म्हणाली, “तुझ्या काकांनाही ब्लॉक केलंय मी. रोज पहाटे पाचला सुप्रभात पाठवायचे.”

“अगं, पण ते तर आतल्या खोलीतच असतात ना?”

“म्हणूनच!”