पतंगाऐवजी माशी निघाली तर डबा धुऊ नका

सुरवंट पाळणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. फुलपाखराची वाट बघत असताना एके सकाळी डब्याच्या तळाशी तपकिरी, गुळगुळीत, औषधाच्या कॅप्सूलसारखा एक कोष पडलेला असतो आणि शेजारी सुरवंटाचं रिकामं कातडं. ‘वाया गेला’ म्हणत बहुतेक जण डबा धुऊन टाकतात. कोस्टा रिकाच्या वायव्येला, ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात, हाच डबा जपून ठेवतात. टॅकिनिड या कुळातल्या, म्हणजे सुरवंटासारख्या किड्यांच्या अंगात परजीवी म्हणून वाढणाऱ्या माश्यांच्या कितीतरी नव्या जाती तिथे अशाच ‘वाया गेलेल्या’ सुरवंटांतून सापडल्या आहेत.

२०१४ साली वर्णन झालेली कॉर्डिलिगॅस्टर कॅपेली ही त्यांतलीच एक. पोट पुढे देठासारखं बारीक आणि मागे गदेसारखं फुगलेलं, त्यामुळे पहिल्या नजरेला ती गांधीलमाशीच वाटते. वर्णनासाठी वापरलेले नमुने रानातून आणलेल्या सुरवंटांतून वाढवलेले होते, आणि माझ्या मते खरी किंमत त्यालाच आहे. जाळ्यात पकडलेली माशी फक्त कुठे आणि कधी सापडली एवढंच सांगते. पाळून मिळालेली माशी कोणाला खाऊन मोठी झाली आणि तो सुरवंट कुठल्या झाडावर होता, हेही सांगते.

आपल्याकडे रेशीमवाल्यांना या कुळाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तुतीच्या रेशीमकिड्यावर येणारी उझी माशी टॅकिनिडच. कीटकसंगोपनगृहाच्या खिडक्यांना नायलॉनची जाळी मारतात ती हिच्यासाठी. किड्याच्या अंगावर पांढरं टिपकं म्हणजे तिचं अंडं, आणि काही दिवसांनी त्याच जागी दिसणारा काळा डाग म्हणजे अळी आत शिरल्याची खूण. आत गेलेली अळी श्वासासाठी कातडीला एक भोक राखून ठेवते, त्याच्या कडा काळ्या पडतात.

पण सगळ्या टॅकिनिड असं डोळ्यांना दिसेल असं अंडं घालत नाहीत, आणि पाळताना सगळा घोटाळा इथेच होतो. काही जाती पानावर अगदी बारीक, साधारण ०.२ मिलिमीटरची अंडी टाकतात. सुरवंट ती पानाबरोबर गिळतो आणि अंडं त्याच्या आतड्यात फुटतं. काहींच्या अळ्या पानावर किंवा विष्ठेजवळ दबा धरून बसतात आणि सुरवंट जवळ आला की त्याला चिकटतात. मोठी अंडी कातडीवर चिकटवणाऱ्या जातींना एक धोका असतो: अंडं फुटण्याआधी सुरवंटाने कात टाकली, तर अंडं कातीबरोबर जातं. गिळलेल्या अंड्याला ही भीती नाही, पण हजारो अंडी टाकली तर त्यातली मोजकीच कुणाच्या तरी तोंडी लागतात.

म्हणून पाळताना रोज आणलेला पाला हा नुसता चारा समजू नका. त्या पाल्यावरच अंडी असतील तर माशी सुरवंट सापडला त्या जागची की पाला तोडला त्या जागची, हे नंतर सांगता येत नाही. उपाय साधा आहे. पाला शक्यतो त्याच झाडाचा, किंवा निदान त्याच परिसरातल्या त्याच जातीच्या झाडाचा घ्यायचा. पानाच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसायच्या. पाला कुठून आणला तेही नोंदवायचं. पुसण्याने सगळी अंडी जातील असं नाही, म्हणून नोंद महत्त्वाची.

ग्वानाकास्तेची पद्धत डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञांनी उभी केली. सुरवंटांची मोजदाद १९७८ पासून चालू आहे. सुमारे १,२०,००० हेक्टर जमीन, तीत कोरडं जंगल, पावसाचं जंगल आणि डोंगरमाथ्यावरचं ढगांचं जंगल असे तिन्ही प्रकार. रानातून सुरवंट शोधून आणणारी आणि पाळणारी माणसं तिथल्याच गावांतली, प्रशिक्षण घेतलेली. प्रत्येक सुरवंटाला आल्या दिवशी स्वतंत्र क्रमांक मिळतो: वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग सांता रोसा राष्ट्रीय उद्यानाची एसआरएनपी ही अक्षरं, मग अनुक्रमांक. झाड, जागा, तारीख, सुरवंटाची ओळख हे सगळं त्या क्रमांकाशी बांधलेलं असतं. पुढे त्यातून माशी निघाली तर तिला वेगळा क्रमांक मिळतो, पण सुरवंटाचा क्रमांक तिच्या लेबलवर राहतोच.

घरी करायचं असेल तर नियम एकच: एक सुरवंट, एक डबा. एकाच डब्यात दोन सुरवंट ठेवले आणि तळाशी माशीचा कोष मिळाला तर तो कोणाचा, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. एक सुरवंट जिवंत उरला म्हणून माशी दुसऱ्याचीच असणार, असं मानायलाही मन धजावत नाही, कारण टॅकिनिडची अळी बाहेर पडल्यावरही क्वचित सुरवंट काही काळ जिवंत राहतो.

पिशवी वापरायची तर तोंड घट्ट बांधा. पोटभर खाऊन बाहेर आलेली अळी मातीत शिरायला जागा शोधत भटकते, आणि बारीकशी फटही तिला पुरते. तळाशी टिश्यू पेपर किंवा किंचित ओलसर, चाळलेली माती ठेवली तर अळी तिथेच कोष करते. फार ओल ठेवली की बुरशी येते, अजिबात न ठेवली की कोष आतून सुकतो. पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचले असतील तर ओल जास्त झाली. विष्ठा रोज काढा, बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते.

माशीच्या अळ्या बाहेर पडल्या की त्या मोजा. एका सुरवंटातून एक की पाच, हाही जातीचा स्वभाव. काही जातींची अळी बाहेर येतच नाही, ती पतंगाच्या कोषातच आपला कोष करते. त्यामुळे काळपट, हलका, हातात घेतल्यावर हलत नसलेला कोष ‘मेला’ म्हणून टाकू नका. निदान दोन महिने ठेवा, आणि कोरड्या ऋतूत पावसापर्यंत. दोन महिन्यांनी माशीच्या कोषातून माशीऐवजी इवल्याशा गांधीलमाश्या बाहेर येऊ शकतात. त्या माशीवरच्या परजीवी. चिडू नका, त्यांनाही तोच क्रमांक द्या.

कोषाचं टोपण उघडून बाहेर आलेल्या माशीचं शरीर मऊ, फिकट असतं, पंख चुरगळलेले असतात. डोक्याच्या पुढच्या भागातली फुगणारी पिशवी वापरून ती टोपण ढकलते, आणि ती पिशवी आत जायलाही वेळ लागतो. लगेच मारली तर डोकं सुरकुततं, रंग उतरतो आणि ओळख पटवणं अवघड होतं. साधारण २४ तास तिला डब्यात मोकळं सोडा, मगच फ्रीझरमध्ये ठेवा.

टॅकिनिड माश्यांची ओळख मुख्यतः राठ केसांवरून होते. पाठीवर कोणत्या ओळीत किती केस, डोक्यावर किती, पोटाच्या कोणत्या खंडावर जोडी आणि कोणत्यावर नाही. म्हणून पिन पाठीच्या मधोमध कधीच घालायची नाही, मध्यरेषेच्या उजवीकडे घालायची. म्हणजे डावी बाजू पूर्ण शाबूत राहते. बोटांनी धरलेल्या माशीचे केस गळतात, आणि केस गळलेल्या नमुन्याचा तज्ज्ञाला फारसा उपयोग नसतो. रिकामा कोष लहान कॅप्सूलमध्ये घालून त्याच पिनेवर लावायचा, कारण कोषाच्या मागच्या टोकाची श्वसनछिद्रंही ओळखीच्या कामी येतात.

ओळखीसाठी नराची जननांगं बघायची तर पोट वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. गरम केलं तर काही मिनिटं, गार ठेवलं तर रात्रभर. गरम करताना दर काही मिनिटांनी बघत राहा. जास्त झालं की सगळं पारदर्शक होतं आणि कडा दिसेनाशा होतात. मग सौम्य ॲसिटिक आम्लात धुऊन ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत ठेवायचं, कुपी त्याच पिनेवर.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. त्यातून सीओआय या जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा, म्हणजे ६५८ अक्षरांचा, तुकडा वाचतात; यालाच बारकोड म्हणतात. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या आणि स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या भागातलं. ग्वानाकास्तेतल्या बेल्व्होसिया या टॅकिनिड प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) याचा परिणाम लख्ख दिसला. दिसण्यावरून तिथे २० जाती धरल्या होत्या, त्यांतल्या १७ ठरावीक सुरवंटांवरच जगणाऱ्या आणि ३ ‘कशावरही’ जगणाऱ्या. २००६ मध्ये डीएनए पाहिल्यावर जाती ३२ निघाल्या: त्या तीन सर्वभक्षी माश्या म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या, पण आपापल्या ठरलेल्या सुरवंटांवर जगणाऱ्या अनेक जाती होत्या. पुढच्या वर्षी सर्वांत व्यापक वाटणाऱ्या १६ टॅकिनिड जातींच्या २,१३४ माश्या तपासल्या, तर ७३ वंशरेषा सापडल्या आणि खरोखर सर्वभक्षी फक्त ९ उरल्या. हे वेगळेपण खरं आहे की नुसता मायटोकॉन्ड्रियाचा खेळ, हे पाहायला निवडक ठिकाणी केंद्रकातली जनुकंही तपासली. वोल्बाकिया नावाचा जिवाणू मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचं चित्र फसवं करू शकतो, म्हणून ही खबरदारी हवीच.

इथे पाळलेल्या नोंदींचं काम कळतं. दोन डीएनए गट वेगळे दिसले, आणि एक गट एकाच कुळातल्या झाडावरच्या सुरवंटांतून आला, दुसरा दुसऱ्याच कुळातल्या झाडावरच्या, तर ती जात मान्य करायला धीर होतो. केवळ त्या ६५८ अक्षरांतल्या फरकावर नाव द्यायला मी तरी तयार नाही. २०२१ मध्ये याच संवर्धन क्षेत्रातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ जाती मुख्यतः बारकोड आणि छायाचित्रांवर वर्णन झाल्या तेव्हा बराच वाद झाला, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी मुद्दा होता.

नाव देताना एक नमुना नामधारक म्हणून ठरवावा लागतो. तो कुठे ठेवला हे लिहावं लागतं, जवळच्या जातींपासून ती कशी वेगळी हे शब्दांत मांडावं लागतं, आणि प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. भारतात कुणाला असं काही सापडलं तर जैवविविधता कायदा, २००२ चं कलम ३९ वाचून ठेवावं: नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि तिचे नमुने तिथे जमा करावे लागतात. जमा करताना लेबलवर सुरवंटाची आणि झाडाची नावं पूर्ण लिहा. ‘जंगली झाड’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तिथल्या माणसाला त्या झाडापर्यंत पुन्हा पोचायचं म्हटलं तरी रस्ता सापडत नाही.